अमीनासाठी घडवलेला ळ

खामगावात आसमाबी शिवणकाम करतात. लहानपणी त्या आणि त्यांची धाकटी बहीण अमीना जळगाव जामोदकडे कापूस वेचायला जात. वेचता वेचता आसमाबी वऱ्हाडीत गाणी जुळवायच्या आणि अमीना ती गळ्यावर घ्यायची. शाळा मात्र दोघींची उर्दू, तीही चौथीपर्यंतच.

गेल्या वर्षी तापात अमीनाचे कान गेले. तोवर दोघी फोनवर गात, तेही बंद झालं. मग आसमाबींनी एक गाणं लिहून पाठवलं. लिहायचं म्हणजे उर्दूतच, म्हणून सगळे शब्दही उर्दू केले. अमीनाचं उत्तर आलं, ‘अच्छा है आपा. किस किताब से उतारा?’

हे त्यांना फार लागलं. कितीतरी दिवस त्यांनी पेन हातात घेतलं नाही.

मंजुश्री गवई कपडे शिवायला यायची. जपानला म्हाताऱ्यांच्या सेवेची नोकरी मिळावी म्हणून ती जपानी शिकत होती. आसमाबींनी तिला हे सांगितलं.

“खाला, जपान्यांचंबी असंच झालं होतं,” ती म्हणाली. “त्यायच्यापाशी लिपीच नव्हती. चिनी अक्षरं घेतली, तर आधी चिनी भाषेतच लिहीत. पन गाणं आपल्याच बोलीत पाह्यजे ना! डोंगराले ते ‘यामा’ म्हनतात. मंग ‘या’साठी रात्रीचं अक्षर घेतलं, ‘मा’साठी तागाचं. अर्थ सोडला, आवाज ठेवला.”

“अन् गाणं सोडून साधं लिहिणं?”

“त्यात मोठ्या शब्दाले अर्थाचं अक्षर. चिनीत प्रत्यय नाहीत, म्हनून आपले जपानी प्रत्यय ते आवाजाच्या अक्षरांनी बारीक लिहीत.”

“म्हंजे आपल्या मले-तुलेतला ‘ले’?”

“हाव, तसंच!”

आसमाबींनी मशीन थांबवली आणि पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसल्या. शब्द वऱ्हाडी, अक्षरं उर्दू. पण उर्दूत ‘ळ’ नाही. ‘काळ्या’चं ‘काल्या’ व्हायला लागलं. शेवटी ‘ल’च्या खाली त्यांनी एक टिंब दिलं.

या वेळी त्या कागद घेऊन स्वतःच एसटीने अमीनाच्या घरी जळगाव जामोदला गेल्या. अमीना कागदावर अडखळली. टिंबावर बोट ठेवून म्हणाली, “हे काय व्हय?”

आसमाबींनी तोंड उघडलं, जीभ मागे वळवून टाळूला लावली आणि सोडली. अमीना त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनेही तशीच जीभ वळवली आणि मोठ्याने वाचू लागली:

“काळ्या वावरात बाई पांढरं फुटलं बोंड,
डोळ्यापुढं येते माह्या मायचं हासरं तोंड.”

दुसऱ्यांदा म्हणताना चाल आपोआप आली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, सूर थोडा वर गेला होता. पण लय चुकली नाही. आसमाबींनी तिचा हात हातात घेऊन त्यावर ठेका धरला.

महिनाभराने अमीनाने स्वतः रचलेलं गाणं आलं. त्यात ‘न’वर एक बारकी रेघ होती. आसमाबींनी दोनदा वाचलं, मग हसून मंजुश्रीला म्हणाल्या, “पाह्य वं, उर्दूत नसलेला ‘ण’बी हिनं केला!”