कुंपणाची काटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोटच्या लेकीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — माझं मलाच कळत नाही.

येलदरीला धरणाचं काम निघालं, तेव्हा माझी धाकटी जाऊ नवऱ्यासोबत तिकडं गेली. वर्षभरात तो मुकादम झाला. मग ती गावी आली ती गळ्यात सोन्याच्या पुतळ्या घालूनच. विहिरीवर पदर असा काही घ्यायची, की बायकांना पुतळ्या दिसल्याच पाहिजेत! माझ्या पोटात दुखायचं. जळून कोळसा झाले होते मी — खोटं कशाला बोलू?

आमच्या मालकांना मी रोज टोचायची, आपणही जाऊ म्हणून. ते मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, "मेंढरं हायत, भाकर हाय. लय हाव बरी न्हाई." आणि खरंच सुखानं झोपायचे. त्या झोपेचाही मला हेवा वाटायचा. जावेकडं सोनं होतं, ह्यांच्याकडं समाधान. माझ्याकडं काय होतं?

एकदा ते पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले. मेंढरं माझ्यावर. वाटेत कापलेल्या ज्वारीचं रान होतं, धसकटांना कोवळे फुटवे आलेले. ते फुटवे म्हणजे मेंढराला विष — आमच्यात शेंबडं पोरही हे जाणतं. म्हणून तर मालकांनी कुंपणाच्या खिंडारात बाभळीची काटी लावून ठेवली होती.

मी ती ओढून बाजूला केली.

चार-दोन मरतील, हे वैतागतील, येलदरीला चल म्हणतील — एवढंच मनात होतं. असं मी स्वतःला सांगते. पण आत शिरलेला कळप माझ्या हिशेबानं थांबतो का? पोटं फुगली, तोंडाला फेस आला... मी ओरडलेसुद्धा नाही. निम्म्याहून जास्त मेंढरं तिथंच आडवी झाली.

काटी कशी निघाली, असं ह्यांनी विचारलं. तुम्हीच लावायची विसरलात, असं मी म्हटलं. ते बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, "राहिली असंल. माजीच चूक."

उरलेली मेंढरं विकून आम्ही येलदरीला गेलो. ते दगड वाहत राहिले. मला पुतळ्या झाल्या, जावेपेक्षा जड.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी माझा हात धरला. "माज्यापायी तुजं भरलं घर मोडलं. मनात ठिवू नको."

"न्हाई ठिवलं," मी म्हणाले. "तुमाला मी कवाच माफ केलंय."