ताईच्या हातचं

सिंगापूरच्या पासिर रिसमध्ये राहून ताईच्या हातचं न खाता सुटलेलं माणूस मी एकच पाहिलं. बाकी कुणाची सुटका नव्हती. एसी धुवायला आलेले लोक, भाड्याचा करार घेऊन आलेला एजंट, चुकून आमची बेल वाजवणारा पार्सलवाला, सगळे बशी रिकामी करूनच गेले. ताई माझी घरमालकीण. नागपूरची, पाणी शुद्ध करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. आवाज असा, की ती बाराव्या मजल्यावर फोनवर बोलायला लागली की खाली बाकांवर बसलेले म्हातारे वर बघायचे. तिच्याकडे खोली घेतली तेव्हा मी मुंबईहून नुकतीच आले होते. इंग्रजी शाळेतली, विचारल्याशिवाय न बोलणारी आणि विचारलं तरी बेतानंच बोलणारी. पहिल्या दिवशी मी तिला ‘अहो’ म्हटलं, तर म्हणाली, “अहो काऊन? मी काय तुझी सासू आहे? ताई म्हण आणि खाऊन घे.”

तिच्याबरोबर राहणं म्हणजे रोज एक नवा धक्का होता. सिंगापूरच्या लिफ्टमध्ये माणसं मोबाइलकडे बघतात आणि श्वाससुद्धा जपून घेतात. तिथं ही गरम भज्यांचं ताट घेऊन शिरायची आणि अनोळखी माणसापुढे धरायची. मी मजल्यांचे आकडे बघत उभी. आमच्या मजल्यावरच्या चिनी अंकलना तिनं एकदा भाकरी आणि ठेचा दिला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, आता हे पोलिसांना बोलावणार. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, “शिओक ला!” म्हणजे एकदम झकास. दुसऱ्या दिवशी ते स्वतःची ताटली घेऊन दारात हजर. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, खाल्लं तर दंड होतो, म्हणून ती मला स्टेशनच्या दाराशी उभी करून पराठा संपवायला लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना “पोरीचं जेवण राहिलं” असं इंग्रजीत समजावायची. ऑफिसात मुलाखतीला आलेला एक मुलगा तिला कोमेजलेला वाटला, तर तिनं त्याला आधी डब्यातले पोहे दिले, मग मुलाखत घेतली आणि मग नापास केलं. घरी हे ऐकून मी थक्क झाले. “उपाशीपोटी नकार पचत नाही,” ती म्हणाली.

तर सुटलेलं माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. मुलाकडे राहायला आलेल्या, पुण्याच्या, नीटनेटक्या आणि अतिशय गोड बोलणाऱ्या. चौदा एप्रिलच्या जयंतीला ताई अख्ख्या मजल्याला खीर वाटायची आणि पहिली वाटी घेऊन जिना चढायची ती काकूंकडे. काकू जाळीच्या दाराआडून म्हणायच्या, “अगंबाई, आज माझा उपास.” एरवी काही घेऊन गेली, तरी तेच: सोमवार असायचा, गुरुवार असायचा, चतुर्थी असायची. एकदा बुधवार निघाला, तर तो म्हणे नातवासाठी धरलेला. स्वतः मात्र दिवाळीत भरून ताट पाठवायच्या. ताई वाटी घेऊन खाली यायची आणि हसत म्हणायची, “खातील एक दिवस. मी घाई करून नाही राहिली.” पण पुढच्या वेळी पहिली वाटी पुन्हा त्यांचीच.

काकूंचं नशीबच असं, ताई, तू काही केलंस की नेमका त्यांचा उपास येतो, असं मी एकदा अगदी मनापासून म्हणाले. ताई कांदा चिरत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. “तुझी शाळा लई महागडी होती, नाही?” मग कांदा चिरणं न थांबवता तिनं सांगितलं, की गावात तिच्या आजीच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, कुणाचा हात लागू नये म्हणून. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत त्यावर चांगले मार्कही मिळवले होते. ते जिन्यानं एक मजला वर राहतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातातला कप तसाच राहिला. ताई म्हणाली, “चहा पी, गार होतो.”

त्यानंतर काही महिन्यांनी सीमेपलीकडच्या जोहोरच्या जंगलात एक सहल निघाली. नदीकाठी ओरांग अस्ली, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं एक गाव होतं. गावकरीच पाहुण्यांना जंगलात हिंडवायचे, जेवू घालायचे आणि मग होडीतून नदी दाखवायचे. काकूंच्या मुलाला ऐन वेळी काम निघालं आणि त्यानं आईला आमच्याबरोबर धाडलं. बसमध्ये ताईनं धपाटे काढले. काकूंचा उपास होता. गावात पोचल्यावर आमचा वाटाड्या माणसांची ओळख करून देईपर्यंत ताई त्याच्या बायकोच्या चुलीपाशी बसलीही होती. ताईचं मलय म्हणजे बाजारातले भाज्यांचे भाव, तेवढ्या भांडवलावर त्या दोघी तासभर हसत होत्या. आम्ही जंगलातून जळवा झटकत परत आलो, तेव्हा ताई एक ताट घेऊन बाहेर आली. हात राखेचे. उकडलेला टॅपिओकाचा कंद आणि वर खोवलेला नारळ. “काकू, तुमच्यासाठी मी स्वतः सोलला. तुमचा साबुदाणा याच्याचपासून होतो. उपासाला बिनधास्त चालतो.”

काकूंनी ताटाकडे बघितलं, ताईच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, “आज माझा निर्जळी आहे.” बसमध्ये त्या आमच्यासमोर बाटलीभर पाणी प्यायल्या होत्या. मी जमिनीकडे बघू लागले. ताईचं ताट तसंच पुढे धरलेलं.

वाटाड्याला आमची भाषा कळत नव्हती, पण धरलेलं ताट आणि मागे घेतलेला हात कुठल्याही भाषेत कळतो. तो इंग्रजीत शांतपणे म्हणाला, की खायचं नसेल तर खाऊ नका, आमची काही हरकत नाही. पण जंगलात पुढे केलेलं अन्न निदान हातानं शिवावं लागतं. न शिवता निघालेल्या माणसाला वाटेत काहीतरी होतं. कुणाला साप चावतो, कुणाची होडी उलटते. त्याच्या बायकोनं करून दाखवलं: बोट टेकवायचं, ते ओठाला लावायचं, झालं.

काकूंनी नदीकडे बघितलं. आमची होडी तिथं बांधलेली होती, अरुंद, पाण्याच्या जेमतेम वर. मग काकूंनी एक बोट पुढे केलं, टॅपिओकाला टेकवलं आणि डोळे मिटून, कडू औषध घ्यावं तसं ओठाला लावलं. मला इतका धक्का बसला, की मी ताईकडे बघायलाच विसरले. बघितलं तेव्हा ती ताट घेऊन पुढच्या माणसाकडे वळलेली होती.

होडी उलटली नाही. दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकली होती, वाटाड्या कुठल्याशा पक्ष्याचं घरटं दाखवत होता. आणि ताई बोलत नव्हती. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. शेवटी मी हळूच म्हणाले, “ताई, खाल्लं ना त्यांनी?”

“सापाला भिऊन खाल्लं, पोट्टे,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. “ते माझ्या हातचं नाही झालं.”

पुढच्या वर्षी तिला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी घरात खोकी, दोऱ्या, आणि तरीही तिनं पुडाच्या वड्या तळायला घेतल्या होत्या, कोथिंबीर ठासून भरलेल्या. मजल्यावरच्यांनी शेवटचं काय खायचं, म्हणाली. तेवढ्यात काकू आल्या. दाराबाहेरच उभ्या. प्रवासासाठी बेसनाचे लाडू आणले होते, डब्यात. ताईनं लाडू काढून घेतले, डबा धुतला, पुसला आणि त्यात वड्या भरल्या.

“रिकामा डबा परत देत नाहीत आमच्याकडे,” ती म्हणाली.

काकू जरा थांबल्या. “आमच्याकडेही नाही देत,” असं म्हणून त्यांनी डबा घेतला.

मी बॅगांसाठी ट्रॉली आणायला खाली गेले. इमारतीखाली खांबांमधल्या दगडी बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, आणि त्या इथे, मांडीवर उघडा डबा. त्या खात होत्या. भराभर नाही, सावकाश, खाली सांडू नये म्हणून हनुवटीखाली दुसरा हात धरून. मी खिळल्यासारखी उभी राहिले. त्यांनी मला बघितलं. मला वाटलं, डबा झाकतील. त्यांनी झाकला नाही. “गरम आहेत अजून,” म्हणाल्या, आणि पुढची वडी उचलली.

टॅक्सीत मी ताईला हे सांगितलं. विमानतळ आमच्या घरापासून जवळच, वाटेत बोलायला वेळ तसा कमीच. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला तिचा फक्त कान दिसत होता आणि विस्कटलेली वेणी. उतरायची वेळ आली, ड्रायव्हरनं डिकी उघडली, तरी ती हलेना.

“मीठ बरोबर पडलं होतं का?” तिनं विचारलं.

“मी विचारलं नाही, ताई.”

“विचारायचं ना वं,” ती म्हणाली. “आता मला कसं कळणार?”