गुलाबी काच आणि अकोटचा मुलगा

माझं लग्न ठरलं ते आमच्या हॉलच्या भिंतीवर.

वडील वकील. अमरावतीत त्यांची प्रॅक्टिस बरी चालते, पण जीव सगळा एका सेकंडहँड प्रोजेक्टरमध्ये. कॅलेंडर उतरवून भिंत पांढरीशुभ्र रंगवली आणि घरात थिएटर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. खिळ्याचं भोक मात्र बुजवायचं राहिलं. ते प्रत्येक नटाच्या कानशिलावर यायचं.

त्याहून मोठी खोड म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्याचा उजेड हिरवट होता. पडद्यावरच्या नवरीचा लाल शालू शेवाळ्यातून काढल्यासारखा दिसायचा. मग वडिलांनी कॅमेऱ्याच्या दोन गुलाबी काचा आणल्या, एक फिकट, एक गडद. भिंगासमोर रबरबँडने काच अडकवली की गुलाबी रंग जास्तीचा हिरवा अडवतो आणि लाल पुन्हा लाल होतो, हे त्यांनी दूधवाल्यालाही उभं करून समजावलं. काच लावली की चित्र अंधारतं, म्हणून भर मे महिन्यात खिडक्यांवर चादरी टांगायच्या. आई म्हणायची, "याच्यापेक्षा गच्चीवर पापड पाह्यलेले परवडले."

माझ्याच कॉलेजात शिकवणारा अकोटचा एक मुलगा मला आवडला होता. अगदी मनापासून. वडिलांना तो पसंत होता, पण शेवटचा शब्द त्यांच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे अकोल्याच्या आत्याचा. आणि आत्याची अट सगळ्या भावकीला पाठ होती : जावई गोरा पाहिजे. मला आवडलेला मुलगा तर कपाशीच्या रानातल्या मातीइतका काळा. त्याच्या आईचा पाय मुरगळलेला, म्हणून पहिली भेट व्हिडिओ कॉलवर ठरली. आत्याने फोटो मागितला तर वडील म्हणाले, "फोटो काहाले? भिंतीवरच पाह्य ना, हत्तीएवढा!"

रविवारी दुपारी आत्या आली. आवाज नको म्हणून कूलर बंद. लॅपटॉप स्टुलावर आमच्याकडे तोंड करून ठेवला. आम्ही घामाने थबथबून ओळीने बसलो आणि भिंतीवर मुलगा उगवला. हिरवागार.

"पोरगा आजारी हाय काय?" आत्या म्हणाली. "कावीळ दिसून राहिली."

वडील घाईने फिकट काच घेऊन धावले. त्यांच्या मते त्यांनी आधी लॅपटॉपचा माइक बंद केला होता. काच लावली. मुलगा ठीकठाक दिसू लागला, म्हणजे आहे तसा काळा. आत्याच्या कपाळावर आठी पडली. ती पाहून वडील बिचारे गडबडले आणि त्यांनी फिकट काचेवर गडद काचही चढवली. मुलगा गुलाबी झाला. त्याची आई गुलाबी, मागची भिंत गुलाबी, कोपऱ्यातला माठसुद्धा लाजल्यासारखा.

"आता कसा!" आत्या खुलली. "गोरापान हाय की! मले पसंत हाय."

वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला. आईने मला चिमटा काढला, गप्प बस म्हणून. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस आत्याला आवडलाच नव्हता. आवडली होती ती काच. उद्या तो दारात उभा राहिला की त्याच्याकडे बघून हिचं तोंड पडणार आणि तो ते मुकाट्याने बघणार, हे मला सहन होईना. मी उठले आणि दोन्ही काचा ओढून काढल्या.

"आत्या, तो काळाच हाय. अन् मले असाच पाह्यजे."

हॉल पुन्हा हिरवा झाला. आणि भिंतीवरून त्याच्या आईचा आवाज आला, "खरं हाय, बाई. आमचं पोरगं जन्मापासून काळंच हाय."

लॅपटॉपचा माइक पहिल्यापासून चालूच होता. वडिलांनी कपाळाला हात लावला. मुलाने मान खाली घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत, कळेना.

"पण ताई," त्याची आई पुढे म्हणाली, "तुमी सगळे हिरवे काहून दिसून राहिले?"

भिंतीचा उजेड आमच्याच तोंडावर पडत होता. आत्याने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, मग स्वतःचा हिरवा हात उलटासुलटा करून पाहिला. मी दोन्ही काचा हातात धरून उभी.

"आमच्या घरचे असेच असतेत," आत्या म्हणाली. "चालन काय तुमाले?"