कांद्याच्या मुळाचं चित्र

त्या वर्षी आमच्या कॉलेजात फर्स्ट इयरला बायोलॉजी शिकवणारी मी एकटीच उरले होते. सोबतच्या मॅडमची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. सकाळच्या वर्गाला पेशी, दुपारच्या वर्गाला पेशी, आणि प्रॅक्टिकलच्या तिन्ही बॅचला पुन्हा पेशीच. आमचं शहर हिंदी मुलखातलं; दिवसभर हिंदीत बोलून तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी पोचले की मराठीत एक वाक्य बोलायचंही जिवावर यायचं. माझी लेक काही विचारायची, मी मान हलवायची.

प्रॅक्टिकल फाईली तर मी उघडून बघणंच सोडलं होतं. सगळ्यांची चित्रं एकाच गाईडमधून उतरवलेली. पान उलटायचं, सही करायची.

मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. शहराच्या टोकाच्या भनपुरीहून बसने यायची. बाकीच्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठी, कारण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी दुसऱ्या शहरात राहून दोनदा कोचिंग केलं होतं आणि दोन्ही वेळा नंबर लागला नव्हता. तिला येत नाही असा प्रश्न नव्हता. माझं विचारून व्हायच्या आत उत्तर द्यायची, पण तोंडातला खडा टाकावा तसं. आडनावावरून मी एकदा मराठीत विचारलं, "नागपूरकडची का तू?"

"जी मॅम, पापा वर्धा के हैं," ती म्हणाली. संपलं.

कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन बघायचा दिवस होता. मुळाचं टोक कापायचं, रंगवायचं, काचेखाली दाबायचं आणि मायक्रोस्कोपमध्ये बघायचं. ती अर्धा तास डोळा लावून बसली होती. मी जवळ गेले.

"काय दिसून राहिलं?"

"सब दिख रहा है, मॅम."

फाईलमध्ये विभाजनाच्या चारही अवस्था ओळीने काढलेल्या, रंगवलेल्या. मी मायक्रोस्कोपमधून बघितलं. काळ्या जाड कडेचा एक गोल. हवेचा बुडबुडा.

एरवी मी सही करून पुढे गेले असते. त्या दिवशी काय झालं, मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या बुडबुड्याचाच राग आला. म्हटलं, "हे पान पुन्हा काढ. जे दिसेल तेच काढ."

"मॅम, सबने यही बनाया है। और आपने साइन भी किया है।"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी पुढच्या टेबलाकडे वळले, पण कान गरम झाले होते.

सगळे गेल्यावर ती थांबली. डोळे पुसत होती.

"काहून रडून राहिली?"

"दो साल यही चैप्टर रटा है, मॅम। माइक्रोस्कोप को कभी हाथ नहीं लगाया। लगा, मुझे नहीं दिख रहा तो कमी मुझमें ही है।"

मला भूक लागली होती. गुडघा दुखत होता. तिची समजूत घालण्याइतकं त्राण नव्हतं. "उद्या दोन कांदे आण," एवढंच म्हणाले.

कांदे आले. पाण्याच्या बाटल्यांच्या तोंडावर बसवले. तिने पाणी बदललं नाही, कांदे सडले, आणि लॅबमध्ये अशी घाण सुटली की अटेंडंट भैया दिवसभर बडबडत होते. दुसऱ्या खेपेला मुळं छान फुटली, पण रंगवताना दिव्यावर इतकी तापवली की लगदा झाला. तिसऱ्या खेपेला अंगठ्याने दाबताना काच फुटली. मी दर वेळी कंटाळून म्हणायची, "पुन्हा लाव." ती पुन्हा लावायची.

मग एका सकाळी, पहिल्या तासाच्या आधी, ती स्टाफरूमच्या दारात आली. "मॅम, कुछ है। पता नहीं क्या है।"

मी बघितलं. साध्या, एकसारख्या पेशींची गर्दी. कोपऱ्यात एकीच्या मधोमध गडद गुणसूत्रांची रांग, वाकडी, एका बाजूला कललेली. मी स्वतःच कित्येक वर्षांत इतकं निवांत बघितलं नव्हतं.

"काय आहे ते तूच सांग."

ती बराच वेळ वाकून राहिली. "मेटाफेज है। पर टेढ़ा है।" विभाजनातली दुसरी अवस्था तिने बरोबर ओळखली होती.

"असंच असतं."

तिने तसंच काढलं. पानभर साध्या पेशी आणि कोपऱ्यात ती एक तिरपी. मी सही केली.

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचे सर आले. त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची होती. तिची फाईल उघडून म्हणाले, "ये क्या बनाया है? किताब नहीं देखी?"

"सर, जो दिखा वही बनाया।"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले की स्लाइड तिने स्वतः केली आहे, चित्र बरोबर आहे. "ठीक है मॅडम, पर फिगर फिगर जैसी तो लगे," म्हणत त्यांनी मार्क कापले. मी भांडायला हवं होतं. स्लाइड लावून दाखवता आली असती. पण अजून अर्धी बॅच बाकी होती, सकाळपासून उभी होते, आणि मी पुढचं नाव पुकारलं. ती गोष्ट मला अजून टोचते.

नंतर ती व्हरांड्यात भेटली. "कम मिले ना?"

"हो. मले अजून बोलायला पाहिजे होतं."

"छोड़िए मॅम," ती म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

त्या वर्षी तिने प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला नाही. वडील महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत, असं तिनेच सांगितलं. डिग्री केली, पुढे शिकायला बाहेर गेली. सध्या काय करते, ठाऊक नाही.

पुढच्या वर्षापासून मी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगू लागले, दिसेल तेच काढा. आता फाईलींमध्ये बुडबुडे येतात, धुरकट डाग येतात, कोणी कोरं पान आणून "कुछ नहीं दिखा मॅम" म्हणतं. मग उठून त्याच्या टेबलाशी जावं लागतं, काच सरकवावी लागते. तपासायला दुप्पट वेळ लागतो. थकवा काही कमी झालेला नाही, आणि काही दिवस असे जातात की गाईडमधलं चित्र दिसूनही मी मुकाट्याने सही करते.