फळ्यावरची शेवटची ओळ

कोथरूडला आमच्या बसथांब्यामागे एक काळा फळा आहे. रोज सकाळी सुती साडी आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक बाई येतात, ओल्या फडक्याने तो पुसतात आणि ओल्यावरच खडूने दिनविशेष लिहितात. अक्षरं आधी दिसत नाहीत. फळा वाळेल तशी पांढरीशुभ्र उमटतात. याच तारखेला, वेगवेगळ्या काळात, कुणी समुद्र पोहून गेली, कुणी लस शोधली, कुठे मुलींची शाळा उघडली. वाचता वाचता माझी बस चुकते.

तळाची एक ओळ मात्र त्या रोज कोरी सोडतात. एकदा न राहवून मी म्हणालो, "अहो काकू, खाली जागा राहिली."

"राहिली नाही, ठेवलीय."

"कशाला?"

त्यांनी हाताला लागलेला खडू झटकला. "आत्ता कुठे सकाळ झालीय. आज कुणीच काही करणार नाही, असं तुम्ही परस्पर ठरवलंत का?"

त्या गेल्या. मी वळून सिग्नलकडे पाहिलं. तीच रोजची हेल्मेटं, डबे, दप्तरं. पण आज मी एकेका चेहऱ्याकडे निरखून बघत राहिलो. कुणास ठाऊक, यांच्यातल्या कुणाचं तरी नाव त्या ओळीत लिहूनही झालं असेल. फळा तेवढा वाळायचा असेल.