कप्तानची प्रवासविद्या

“बॅगेला चेन आहे, कुलूप आहे, वर पट्टा आहे. आता ही दोरी कशाला, बाबा? बॅग काय पळून जाणार आहे?” सून म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं!” कप्तान बॅगेवर गुडघा रोवून दोरी आवळत होता. “तुम्ही फोनवर विमानं बघता. मी विमानात बसलोय.”

“मीही बसलेय.”

“देशातल्या देशात. ते बसणं नव्हे.”

“बरं, नव्हे. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे ठेवल्यात?”

“आत. मधोमध. कपड्यांत गुंडाळून. फुटायला नकोत.”

“गोळ्या काय अंडी आहेत? आणि वाटेत लागल्या तर?”

“वाटेत कशाला लागतील? बसूनच तर जायचंय.”

कप्तानची बायको पलंगाच्या कडेवर बसून हे पाहत होती. गोळ्या तिच्या, बॅग तिची, आणि जिच्याकडे जायचं ती पोटची पोरही तिचीच. दोरी मात्र कप्तानच्या हातात. मुलीचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला मनाई केली होती, जावई पाळीच्या नोकरीत अडकलेला, आणि घरात तिसरं माणूस नाही. मुलीला आई हवी होती, लवकर हवी होती आणि उभी राहू शकेल अशा अवस्थेत हवी होती. गोष्ट एवढी साधी होती. पण साधी गोष्ट कप्तानच्या तावडीत सापडली की तिची काय दशा होते, हे त्याच्या बायकोइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता हा कप्तान कसला, तर रंगाच्या कारखान्यातला स्टोअरकीपर. डबे लावायचे, डबे द्यायचे, मागायला आलेल्याला ताटकळत ठेवायचं. एकदा कारखान्यानं बाहेरदेशातून यंत्र आणायचं ठरवलं. मोठ्या इंजिनियरबरोबर धाकटा जायचा होता, तो ऐन वेळी काविळीनं आडवा झाला. दुसऱ्या कोणाकडे पासपोर्ट नव्हता. याच्याकडे होता, कारण कुठली तरी फुकट सहल लागेल या आशेवर यानं तो काढून ठेवला होता. तिकडे हा त्या इंजिनियरच्या मागे त्याची बॅग धरून हिंडला. रांग इंजिनियरनं लावली, कागद इंजिनियरनं दाखवले, रस्ता इंजिनियरनं विचारला. यानं हॉटेलातले साबण गोळा केले, परतताना विमानतळावर सोनेरी पट्टीची एक टोपी घेतली आणि ती घालून घराचा जिना चढला. तो जो चढला, तो आजतागायत खाली उतरलेला नाही.

तेव्हापासून आजूबाजूचं कोणी परदेशी निघालं की कप्तान त्यांच्या घरी हजर. बोलावण्याची वाट पाहण्याइतका संकोच त्याच्यात कधीच नव्हता. चहा घेत घेत तो बोलू लागे. विमानात पाणी प्यायचं नाही, सारखं उठावं लागतं. निघण्याआधी दोन रात्री झोपायचं नाही, म्हणजे तिकडची वेळ अंगात भिनते. कपड्यांचं वजन वाचवायचं तर अंगावर घाला. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी ते ऐकलं, तीन स्वेटर चढवून रांगेत उभे राहिले आणि तिथेच भोवळ येऊन कोसळले. “मास्तरांची प्रकृतीच तोळामासा,” असं म्हणून कप्तान मोकळा झाला. शिंप्यानं त्याचं ऐकून सगळी औषधं एकाच बाटलीत भरली. कुठली गोळी कशाची हे तपासणीत सांगता येईना, तेव्हा बाटली काढून घेतली. कप्तान म्हणाला, “त्यानं चेहरा पाडला असेल. चेहरा पाडायचा नसतो.”

पण त्याच्या विद्येचा कळस निराळाच होता. “अधिकाऱ्यापुढे पाल्हाळ लावायचं नाही,” तो सांगे. “तो एकच काम करतो, तुम्हाला अडकवायचं. काहीही विचारू दे, म्हणायचं, नो. खायचं नेताय? नो. कोणी सामान दिलंय? नो. नो म्हटलं की विषय खलास.” मुलीकडे पहिल्यांदा जायच्या आधी त्यानं बायकोला जेवताना याची तालीम दिली होती. ती भात वाढतेय आणि हा चमचा रोखून विचारतोय, “हत्यार आहे?” ती म्हणे, “आमटी घ्या आधी.” हा कपाळाला हात लावी.

मग ते गेले. दोन्ही पासपोर्ट कप्तानच्या पोटावरच्या पाकिटात, कारण कागद एकाच जबाबदार माणसाजवळ असावेत. पाणी प्यायचं नाही म्हणून तिचा घसा सुकलेला, पाय सुजून चपलेबाहेर आलेले, आणि गोळ्या सामानाच्या पोटात. खिडकीमागच्या अधिकारीण बाईनं दोन्ही पासपोर्ट पाहिले, तिच्याकडे बोट दाखवलं आणि कप्तानला विचारलं, ही तुमची बायको का?

“नो,” कप्तान म्हणाला. ठणठणीत आवाजात.

एकत्र प्रवास करताय?

“नो.”

मग तिचा पासपोर्ट तुमच्याजवळ कसा?

“नो.”

इतकं इंग्रजी तिलाही कळत होतं. तिनं त्याची बाही ओढली, तर त्यानं डोळे वटारले. मधे बोलायचं नाही, हाही नियमच होता.

दोघांना दोन दरवाज्यांतून नेलं. तिच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फोन. फोनवर आपल्याच भाषेत बोलणारी कोणी बाई आली. फार गोड आवाज. “घाबरू नका हं मावशी. हे गृहस्थ तुम्हाला जबरदस्तीनं कुठे घेऊन चाललेत का?”

इतक्या वर्षांच्या संसारात तिला हे कोणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला तिला अंमळ वेळ लागला.

कप्तान तिच्या बराच आधी सुटला. त्याला कोणी तरी लग्नातला फोटो आहे का विचारलं, आणि मुकाट्यानं त्यानं तो पाकिटातून काढून दिला. बाहेर मुलगी वाट पाहत उभी होती. “आई कुठाय?” तिनं विचारलं.

“येईल मागून,” कप्तान म्हणाला. “तिला बोलायला जमत नाही ना. गाडी कुठे लावलीयेस?”

हे मुलीनं नंतर आईला सांगितलं. परत आल्यावर कप्तानची गोष्ट अशी झाली की बायको अधिकाऱ्यापुढे गांगरली, अडकली, आणि त्यानं तिला सोडवून आणलं. लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या दुकानात, जिन्यात, सगळीकडे. ती रुग्णालयाच्या कपडेखात्यात फाटक्या चादरी शिवायला बसायची. तिथल्या बायकांपर्यंतही ती गोष्ट पोहोचली. शेजारच्या मशीनवरची म्हणाली, “काय गं, तिकडे म्हणे रडायलाच लागली होतीस?” तिनं दोरा तोडला आणि दुसरी चादर ओढली. खरं सांगायचं तर नवऱ्यानं आपल्याला ओळख दिली नाही, हे सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा भित्री ठरलेलं बरं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

कप्ताननं दोरीची शेवटची गाठ मारली आणि हात झटकले.

“तिकिटं दाखवा जरा,” सून म्हणाली. पाहिल्यावर तिचा आवाज चढला. “दोन ठिकाणी विमान बदलायचं? आणि मधे एक रात्र विमानतळावर काढायची? अहो, थेट विमान आहे की!”

“सलग प्रवास अंगाला बाधतो. शिवाय दोन नवे विमानतळ पाहून होतात.”

“आई काय विमानतळ बघायला चालल्यात?”

“माणसानं अनुभव घ्यावा. मागच्या वेळी हिची कशी फजिती झाली, आठवतंय ना? मी नसतो तर...”

तेवढ्यात मुलीचा फोन आला. सुनेनं तो टेबलावर मोठ्या आवाजात लावला. मुलगी थकलेली वाटत होती. डॉक्टर म्हणतात, आठवडाही लागणार नाही कदाचित, ती म्हणाली. तुम्ही कधी पोहोचताय?

“तू त्या डॉक्टरला सांग,” कप्तान फोनवर वाकून म्हणाला, “आम्ही पोहोचेपर्यंत थांबायला. आणि ऐक, पाठीखाली घडी घातलेलं पांघरूण घे. मी विमानात असंच करतो.”

सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. अंघोळ करून बाहेर आलेला मुलगा दारातच थबकला आणि परत फिरावं की काय, या विचारात टॉवेल चाळवत राहिला.

“आई आहे का तिथे?” मुलीनं विचारलं.

“आहे गं. बोल.”

“आई, बाबा आले की त्यांचा चहा, त्यांचं पाणी, त्यांचं फिरायला जाणं... मागच्या वेळी मी धडधाकट होते. या वेळी मला उठायचं नाहीये.” ती थांबली. “मी वाईट बोलत नाहीये ना?”

“नाही,” ती म्हणाली. “पड तू. मी बघते.”

“म्हणजे काय?” कप्तान म्हणाला. “माझ्यामुळे हिला त्रास होतो? अरे, मी तिथे गेलो म्हणून यांचं सगळं सुरळीत पार पडलं! ही एकटी गेली तर पहिल्या खिडकीशी रडत बसेल.”

“मी रडले नव्हते,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलंत, ही माझी बायको नाही. म्हणून मला बसवून ठेवलं.”

मुलानं टॉवेल खाली केला. सुनेनं वळून पाहिलं.

“तो... तो नियम होता,” कप्तान म्हणाला. “तू संदर्भ सोडून बोलतेस.”

तिनं बॅगेची दोरी कात्रीनं कापली. गोळ्यांचं पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी काढून हातातल्या पिशवीत ठेवली. मुलीचा पत्ता कागदावर लिहून तोही तिथेच ठेवला, एक जोड कपडे ठेवले. मग मोठी बॅग उचलून पाहिली, उचलेना तेव्हा निम्मं सामान पलंगावर उपसून टाकलं आणि परत उचलली. आता उचलली गेली. कप्तानच्या पोटावरच्या पाकिटाकडे तिनं हात पुढे केला. त्यानं सवयीनं पोट आत घेतलं, मग तिच्या तोंडाकडे पाहून पासपोर्ट काढून दिला.

“उद्याच्या थेट विमानात जागा बघ गं,” ती सुनेला म्हणाली. “एकच.” मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शिवणखोलीत चादरींचा हिशेब सांगावा तशी, ती म्हणाली, “मी एकटी जाणार आहे. हे इथेच राहतील.”