बाहुलीची चादर आणि उषाताईचा कॉम्प्युटर

उषाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पैठणहून येणाऱ्या एसटीत होते. रडू आलंच नाही, राग आला. बालवाडी उघडायच्या आधीच असं कुणी जातं का? ... महिना होऊन गेला, राग तसाच आहे.

करमाडच्या आमच्या बालवाडीत ती शिकवणारी बाई, मी तिची मदतनीस. ती यायच्या आधी गावच्या एका लेकीनं संभाजीनगरहून जुना कॉम्प्युटर पाठवला होता, अन् तो थेट कपाटात गेला होता. बाहेर यायचा फक्त दसऱ्याला. हळदीकुंकू, झेंडूची माळ, वर क्रोशाचं झाकण, की पुन्हा कुलूप. उषाताईनं पहिल्या दसऱ्याला मनोभावे पूजा केली, नारळ फोडला अन् दुसऱ्या दिवशी तो पोरांच्या पुढ्यात पाटावर मांडला. समितीचे अध्यक्ष अण्णा धावत आले. "ताई, लई महागाची चीज हाय, पोरं मोडतील ना!" ती म्हणाली, "अण्णा, ट्रॅक्टरची पूजा केली, मग शेतात नेला का देव्हाऱ्यात ठेवला?"

पोरं आधी अंगणात चिखलाची चिमणी करायची, मग माऊस धरून तीच पडद्यावर काढायची. नुसते व्हिडिओ लावून पोरं बसवून ठेवा, असं कुणी म्हटलं की ती भडकायची. "गप्प बसवायला मशीन कशाला? मी डोळे वटारते की!" कीबोर्डच्या कळांत चिखल जायचा, मी कुरकुरायचे, ती माझ्याच हातात ब्रश द्यायची. अन् त्या क्रोशाच्या झाकणाची तिनं भातुकलीतल्या बाहुलीला चादर केली.

परवा बालवाडी उघडली. पाहते तर भिंतीवर तिचा फोटो, खाली कॉम्प्युटर, त्याला माळ, अन् वर धुऊन घातलेलं तेच झाकण! कुलूप हातात घेऊन अण्णा डोळे पुसत होते. "ताईची आठवण हाय. कपाटात जपून ठिवू." त्यांची माया खोटी नव्हती, पण माझं डोकंच फिरलं. "नाय अण्णा! ती कपाटात राहणारी बाई नव्हती!" पोरांतली छोटी गौरी उठली, तिनं झाकण ओढलं अन् बाहुलीला पांघरलं. "हिची चादर हाय ही," असं अण्णांना बजावून तिनं माऊस हातात घेतला. अण्णांनी कुलूप खिशात घातलं. माळ मी काढून फोटोला घातली.

काल कळांत पुन्हा चिखल भरला. ब्रश घेऊन बसले अन् सवयीनं कुरकुरले, "बघ, तुझी पोरं!" ... उत्तर आलं नाही. नको देऊस. पण कॉम्प्युटर कपाटात जाणार नाही, सांगून ठेवते.